पोरीला घरच्यांसमोर बसवू नकोस

प्रिय,

काल फोनवर तू म्हणालीस की आपल्या देशात ऑनर किलिंगवर, म्हणजे घराण्याच्या इज्जतीच्या नावाखाली होणाऱ्या खुनांवर, वेगळा कायदाच नाही, मग मदत मागायला आलेल्या मुलीसाठी पोलिसांसमोर मी कुठल्या जोरावर बोलू. वेगळा केंद्रीय कायदा नाहीये हे खरंय, लॉ कमिशनने (सरकारला कायदे सुचवणारा आयोग) 2012 मध्ये 242व्या अहवालात मसुदा दिला होता पण पुढे काही झालं नाही. तरी तुझ्या हातात बरंच काही आहे गं, आणि मला खरी काळजी वाटते ती मुलगी पहिल्यांदा समोर येते त्या तासाभराची.

पोलीस स्टेशनला काय होतं बघ. मुलगी सांगते घरचे जबरदस्तीने लग्न लावतायत, किंवा आम्ही लग्न केलंय आणि जीवाला धोका आहे. तोवर घरच्यांनी ती हरवल्याची तक्रार दिलेली असते, मुलावर पळवून नेल्याची तक्रार केलेली असते, मग कोणीतरी म्हणतं आईवडिलांना बोलवू, समजुतीने मिटवू. आई रडते, बाप हात जोडतो, काही करणार नाही म्हणून लिहून देतात आणि पोरगी घरी जाते. हे तू होऊ द्यायचं नाहीस, समोर कितीही सीनियर माणूस असू दे! ब्रिटनमध्ये याला वन चान्स रूल म्हणतात, ती दुसऱ्यांदा आपल्यापर्यंत पोचेलच असं नाही हे धरून चालायचं, आणि तिथल्या सरकारी गाइडलाइन्स अशा केसमध्ये घरच्यांशी मध्यस्थी करू नका असंच सांगतात.

27 मार्च 2018 चा सुप्रीम कोर्टाचा शक्ती वाहिनी (या संस्थेच्या याचिकेवरचा) निकाल प्रिंट काढून पर्समध्येच ठेव. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायत, भावकी, कोणीही आडवं येऊ शकत नाही, आणि प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांच्या तक्रारींसाठी स्पेशल सेल आणि 24 तासांची हेल्पलाइन हवी हे त्यात आहे. जोडप्याला सेफ हाऊसमध्ये आधी महिनाभर आणि गरज पडली तर वर्षापर्यंत राहू द्यायचं हेही आहे. ज्या अधिकाऱ्याने कळूनही काही केलं नाही त्याच्यावर खात्याची कारवाई सहा महिन्यांत संपवायची, हा भाग पिवळ्या मार्करने रंगवून ठेव कारण पोलीस ठाण्यात तोच कामाला येतो. तोंडी मात्र काहीच मागायचं नाही, अर्ज द्यायचा आणि आवकचा शिक्का घ्यायचा.

आता जे आपल्यातल्या बऱ्याच वकिलांच्याही लक्षात नसतं ते सांगते. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त सासरसाठी नाही. त्याच्या नियमांमधला फॉर्म 1 उघडून बघ, मनाविरुद्ध लग्नाला भाग पाडणं आणि आवडीच्या माणसाशी लग्न करू न देणं, दोन्ही तिथे भावनिक छळात लिहिलेलं आहे. म्हणजे लग्न न झालेली मुलगी बापाविरुद्ध, भावाविरुद्ध कोर्टाकडे संरक्षण आदेश मागू शकते, लग्न लागायच्या आधीच! आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. खून झाल्यावरची कलमं सगळ्यांना पाठ असतात, मला ही आधीची कलमं तुला पाठ हवीत.

लग्न लावून टाकलंच असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 12 बघ, जबरदस्तीच्या संमतीचं लग्न रद्द होतं, पण जबरदस्ती संपल्यापासून एका वर्षात अर्ज हवा आणि त्यानंतर ती राजीखुशीने नांदलेली नसावी. म्हणून ती त्या घरातून निघून मैत्रिणीकडे किंवा दुसरीकडे कधी आली, ती तारीख पहिल्या भेटीतच लिहून घे.

वयाचा पुरावा आधी बघ, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधारवर विसंबू नकोस. अठराच्या आतली असेल तर रस्ता वेगळा, थेट 1098 ही मुलांची हेल्पलाइन आणि बालकल्याण समिती. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची (धर्म-जात न बघता नोंदणी पद्धतीने लग्न करायचा कायदा) नोटीस लग्ननोंदणीच्या ऑफिसात 30 दिवस लागते आणि बातमी बहुतेक वेळा तिथूनच फुटते, तेव्हा त्या महिन्यात दोघं कुठे राहणार हे नोटीस द्यायच्या आधी ठरलेलं हवं, नंतर नाही.

सोमवारी एसपी ऑफिसला (जिल्हा पोलीस प्रमुखांच्या) जाणारच आहेस तर स्पेशल सेलमध्ये रात्री फोन कोण उचलतं ते विचार आणि तो नंबर तिथेच उभं राहून लावून बघ, कोणी उचलला नाही तर त्याच दिवशी लेखी दे आणि मला कॉपी पाठव.