"तो पण हसतोय की, मग काय झालं?"

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. सातवीपर्यंत खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत होता, यंदा बेळगावात घातला. कन्नडचा धडा वाचायला उठला की अडखळतो, आणि पोरं त्याची नक्कल करतात, वर्गात, मग येताना बसमध्ये पण. सरांना सांगितलं तर म्हणाले, अहो मस्करी करूलालेत पोरं, तो पण हसतोय की. आणि खरंच हसतो हो! गणपतीत पाहुणे आले तर स्वतःच उठून 'मी कन्नड कसं वाचतो बघा' म्हणून करून दाखवलं. मी उगाच टेन्शन घेतेय का?

उत्तर : उगाच नाही. उलट ते पाहुण्यांसमोरचं वाचूनच मला जास्त काळजी वाटली. दुसऱ्याने करायच्या आधी आपणच आपली नक्कल केली की निदान हसणं आपल्या हातात राहतं, असं पोराचं गणित असतं. ब्रिटनमध्ये क्लेअर फॉक्स आणि सहकाऱ्यांनी ११ ते १३ वर्षांच्या मुलांना शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासलं, तर ज्यांना त्रास होत होता त्यांचे स्वतःलाच कमी लेखणारे विनोद वाढले होते आणि चारचौघांत मोकळं हसणं-हसवणं कमी झालं होतं. त्यामुळे 'तो पण हसतोय' हा काही पुरावा नव्हे, सरांना हे सांगाच.

मस्करी की छळ, हे ओळखायला एवढंच बघा, तुमचा मुलगा त्या नक्कल करणाऱ्याच्या गणितावर असाच जोक मारू शकतो का, आणि मारला तर बस तशीच हसेल का?

'तू पण उलट बोल' हा सल्ला घरातले पुरुष हमखास देतात, तो नको, नवीन पोरगा एकटा आणि समोर अख्खी बस. जोक करणाऱ्यापेक्षा हसणारी दोन-चार पोरं धरायला सरांना सांगा, पण एकेकट्याला बोलवून, वर्गात सगळ्यांसमोर झापलं तर त्याचाच नवा जोक होतो. बघणाऱ्या पोरांनी मनावर घेतलं तर फरक पडतो, कॅनडात शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून बघितलेलं, दुसरं मूल मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत छळ थांबला. आणि वाचायला उठवायचंच असेल तर कुठला परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगून ठेवा म्हणावं. कन्नड काय हो, बाजारात-बसमध्ये येईल हळूहळू.

घरी नक्कल केली तर हसू नका, रागावू पण नका. बसमध्ये कोण हसत नाही ते सहज विचारा आणि त्या पोराला रविवारी जेवायला बोलवा. शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखायला लागलं, झोप उडाली, तर मात्र मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ला फोन लावा, फुकट आहे.