टेम्पेस्ट घेऊ का, असं विचारणाऱ्या मुलीला

पोरी,

टेम्पेस्ट हे ड्रम मशीन घेऊ का, असं तू विचारलंस. एकाने सांगितलं, डोळे मिटून घे. दुसरा म्हणाला, पैसे पाण्यात जातील. तिसऱ्याने स्वतःचं विकून टाकलं आणि आता हळहळतोय. तुझं डोकं भणभणलं असेल तर नवल नाही. पण मला विचारशील तर तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नाहीये. त्यांची मतं जरा बाजूला ठेव आणि आधी एवढंच शोधून काढ की हे तिघं वाजवतात काय, कुठे वाजवतात आणि त्यांचं पोट कशावर चालतं. हे कळलं की अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

आधी यंत्राबद्दल. टेम्पेस्ट २०११ मध्ये १,९९९ डॉलरला बाजारात आलं. त्यामागे दोन मोठी नावं होती. पहिलं डेव्ह स्मिथ यांचं. १९७८ चा प्रॉफेट-५ हा सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर, त्यांचा, आणि आज तुझा ऑक्टोपॅड लॅपटॉपशी ज्या मिडीतून बोलतो, त्या मिडीतही त्यांचा मोठा वाटा. दुसरं नाव रॉजर लिन यांचं. १९८० मध्ये त्यांनी एलएम-१ काढलं. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवणारं ते पहिलं ड्रम मशीन, किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. रोलँड या जपानी कंपनीचं टीआर-८०८ त्याच वर्षीचं, ११९५ डॉलरचं. त्यात मुद्रित आवाज एकही नव्हता, जे काही वाजायचं ते सर्किटमधून निघायचं; यालाच ॲनालॉग म्हणतात. म्हणजे ज्या माणसाने ॲनालॉग ड्रमला पर्याय दिला, तोच तीस वर्षांनी ॲनालॉग ड्रम मशीन बनवायला बसला. मला ही गंमत फार आवडते.

८०८ वर तेव्हा काय टीका झाली ते तुला ठाऊक असेलच. हा ड्रमचा आवाजच नव्हे, असं जाणकार म्हणाले. साधारण बारा हजार नग निघाले आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. मग जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली आणि न्यूयॉर्क, डेट्रॉइटच्या तरुण पोरांच्या हाती पडली. पुढचं साऱ्या जगाने ऐकलंय. आपल्या मुंबईतसुद्धा, चरणजित सिंग या हिंदी सिनेमातल्या वादकाने १९८२ मध्ये ८०८ च्या ठेक्यावर दहा राग सिंथवर वाजवून रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी कुणी विकत घेतली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि हे तर ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याच्या आधीचं ॲसिड हाउस, म्हणत परदेशातल्या लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण यावरून टीका करणारे मूर्ख होते असं समजू नकोस. त्यांना हवा होता ड्रमर नसताना ड्रमरची जागा भरणारा आवाज. तो ८०८ मध्ये खरंच नव्हता.

टेम्पेस्टचंही असंच होतं. ड्रम मशीन म्हणून घेणारा वैतागतो, सिंथ म्हणून घेणारा खूश होतो. त्यात सहा ॲनालॉग आवाज आहेत आणि प्रत्येक आवाजाला दोन ॲनालॉग व दोन डिजिटल ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे), स्वतंत्र फिल्टर (आवाज गाळणारा), पाच एन्व्हलप (आवाज कसा चढतो-विझतो ते ठरवणारे). इतकी सामग्री पुष्कळ सिंथमध्येही नसते. दोन-तीन तास नॉब फिरवत बसलीस तर आजवर कुणी न ऐकलेला स्नेअर, म्हणजे तडतडणारा ड्रम, निघू शकतो. पण एका वेळी वाजणार सहाच आवाज. खर्जातली किक, स्नेअर, दोन हायहॅट झांजा, टॉम, टाळीसारखा क्लॅप झालं की पोतं भरलं; सातवा आवाज आला की आधीच्यातला एखादा गप्प होतो. झांजेची शेपटी मध्येच तुटली की ड्रमवाल्याच्या कानाला ते खुपतंच. शिवाय आपले सॅम्पल, म्हणजे मुद्रित आवाज, त्यात टाकता येत नाहीत, आणि यंत्र आलं तेव्हा सॉफ्टवेअर अपुरं असल्याची ओरड होती, सुधारणा सावकाश येत राहिल्या. आता त्याचं उत्पादनही बंद आहे.

ॲनालॉग म्हणून वेगळं काय मिळतं, हा तुझा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर ८०८ च्या सर्किटमध्ये छान दिसतं. त्याची किक कुठे साठवलेली नसते. सर्किटला एक विजेचा झटका बसतो, ते खर्जात थरथरतं आणि हळूहळू विझतं. पहिली थरथर विझायच्या आत दुसरा झटका बसला की दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून जलद किकमध्ये एक घाव दुसऱ्यासारखा नेमका येत नाही. हायहॅटचं त्याहून मजेशीर. आत सहा ऑसिलेटर सतत गुरगुरत असतात. आपण ठेक्यातली एखादी जागा, म्हणजे स्टेप, लावतो तेव्हा फक्त दार उघडतं आणि त्या क्षणी लाटा जिथे असतील तिथून आवाज सुरू होतो. एकाच जागी साठवलेला सॅम्पल दर वेळी तोच आवाज देतो. फरक खरा आहे, भोंदूगिरी नाही.

मात्र तो फरक ऐकू कुठे येतो? हेडफोनवर एकटी किक वाजवलीस तर येतो. मोठ्या बेसच्या स्पीकरसमोर उभी राहिलीस तर छातीत जाणवतो. गाण्यात गायक, कीबोर्ड, ढोलकी आणि वर रिव्हर्बची घुमट चढली की तो बुडतो, आणि मोबाइलच्या स्पीकरवर किकचा खर्ज मुळात पोचतच नाही. म्हणून स्टुडिओत मिक्स करणारा माणूस म्हणतो, संगणकात चालणारं प्लगइन घे आणि गप्प बस. तो रोज जे ऐकतो त्याच्या पुरतं त्याचं बरोबर आहे. एकटा टेबलावर यंत्र मांडून रात्रभर लोकांना नाचवणारा वादक वेगळं सांगेल, कारण त्याच्यासाठी यंत्राचा सगळा जीव हातात असतो. स्क्रीनकडे न बघता एका हाताने फिल्टर उघडायचा, दुसऱ्याने ठेका बदलायचा, हे त्याचं काम. मला विचारशील तर पैसे त्या नॉबचे आणि त्या वेगाचे असतात. आवाजाची पाळी नंतर.

आणखी एका मताबद्दल सावध राहा. नुकतंच यंत्र घेतलेल्या माणसाचं मत पहिल्या महिन्यात ऐकू नकोस. एवढे पैसे मोजल्यावर वाईट कोण म्हणेल? विकून टाकलेल्याला मात्र जरूर विचार. तो कशाला वैतागला होता ते तो अगदी बारकाईने सांगतो.

आता तुझं काम बघू. लग्नसराईत आणि गणपतीत तू ऑर्केस्ट्रात पॅड वाजवतेस. तुला ढोलकी लागते, संबळ लागतो, हलगी लागते, आणि पुढच्या गाण्याचा पॅच, म्हणजे आवाजांचा संच, दोन सेकंदांत हवा असतो. टेम्पेस्टमध्ये ढोलकीचा टोन टाकण्याची सोयच नाही. तुझ्या रोजीच्या कामाला ते यंत्र नाही, हे स्पष्ट सांगतो. आवाजाची मतं कितीही चांगली असोत, इथे ती गैरलागू आहेत.

पण तू लिहिलंयस की घरी स्वतःचं काही करायचंय, तबल्यावर शिकलेलं सर्किटमध्ये आणायचंय. तिथे मात्र मी थोडा पाघळतो. टेम्पेस्टचे सोळा पॅड फटक्याचा जोर ओळखतात आणि फटका मारून झाल्यावर किती दाबून धरलंय तेही. तो दाब सुराला जोडता येतो. बायाँवर 'घे' काढून मनगट दाबत वर नेतेस ना, तशी मींड खर्जाच्या किकवर बोटाने निघते. लिन यांच्या स्विंगचाही इथे उपयोग आहे. मात्रेचे चार भाग करून त्यांच्या प्रत्येक जोडीतला दुसरा किंचित उशिरा टाकायचा, एवढंच ते करतं. पण केहरव्याच्या लग्गीवर ते थोडं थोडं वाढवत नेऊन बघ, कुठल्या आकड्याला ठेका डुलायला लागतो ते तुला लगेच कळेल.

तरीही आत्ता घेऊ नकोस. तुझ्या दोन्ही कामांच्या मधे बसणारं यंत्र हवं असेल तर एलेक्ट्रॉन कंपनीचं ॲनालॉग रिटम बघ. २०१४ मध्ये आलं, दुसरी आवृत्ती २०१७ ची. आठ ॲनालॉग आवाज आहेत आणि प्रत्येकावर आपला सॅम्पल चढवता येतो, म्हणजे संबळाचा फटका वर आणि सर्किटचा खर्ज खाली. प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते. सोळा स्टेपच्या किकवर चौदा स्टेपचा रूपक फिरव, सम कुठे पडते बघ, मजा येईल. त्याबद्दलही मतं दुभंगलेलीच आहेत. पहिल्या आवृत्तीचे पॅड बोटांना कडक लागतात, आणि मेनूंचं जंगल पहिले काही आठवडे छळतं. रोलँडने २०२५ मध्ये टीआर-१००० काढलं, चार दशकांनी पुन्हा खरी ॲनालॉग सर्किटं घालून, पण २,७०० डॉलरच्या आसपास. त्याचं नावही काढू नकोस.

त्याआधी कुणाचं तरी कोर्ग कंपनीचं व्होल्का बीट्स महिनाभर मागून आण. छोटं, स्वस्त यंत्र. त्याच्या स्नेअरला सगळे नावं ठेवतात, मीही ठेवतो. पण किकचा सूर, तिचं विझणं आणि फटक्याची धार या तीन गोष्टी हातांनी फिरवून तुला काही सापडतं का, हे त्यावर कळेल. महिनाभराने ते धूळ खात पडलं असेल तर टेम्पेस्टही तसंच पडलं असतं. ८०८ ची हौस असेल तर बेहरिंगरचं आरडी-८ पुष्कळ कमी पैशांत जवळपास त्याच वाटेने जातं. जपानहून मूळ ८०८ मागवायचा विचार असेल तर तो सोड. तिथली यंत्रं शंभर व्होल्टची, आणि आपल्या भिंतीत दोनशेतीस.

एवढं सांगूनही तू ते सेकंडहँड टेम्पेस्ट बघायला जाणारच, हे मला माहीत आहे. मग नीट बघ. सोळाही पॅड हलके, जोरात आणि दाबून धरून वाजव. एखादा मेलेला असतो. नॉब सावकाश फिरव आणि स्क्रीनवरचा आकडा उड्या मारतो का बघ. यंत्र आपल्याकडे पावसाळ्यात राहिलंय का ते विचार, दमट हवेत जॅक आणि स्विच लवकर कुरकुरतात. मागे सहा आवाजांचे सहा वेगळे आउटपुट आहेत, एकेकात केबल लावून ऐक. एखादा आवाज बाकीच्यांपेक्षा मंद किंवा बेसूर निघाला तर दुरुस्त कोण करणार हे आधी ठरव. परदेशातून मागवलंस तर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरियर धरूनच किंमत मोज. तुझा ऑक्टोपॅड सोबत ने, त्याच खोलीत त्याच स्पीकरवर दोन्ही वाजव, आणि रेकॉर्डिंग मला पाठव. कुठलं कशाचं ते लिहू नकोस.

तुझा,
काका