सायकलिंगचा हंगाम संपल्यावर पुढचे दोन-तीन महिने धावण्याचा सराव केल्यास फायदा होतो का?

होय, फायदा होतो. मात्र पहिले चार ते सहा आठवडे दम शिल्लक असतानाही थांबण्याची तयारी हवी. सायकलस्वाराचे हृदय आणि फुप्फुसे कमावलेली असतात, परंतु पोटऱ्या, टाचेमागची कंडरा आणि नडगीचे हाड यांना आघाताची सवय नसते, कारण सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट आणि हँडल पेलतात, तर धावताना प्रत्येक पावलागणिक वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर पायावर येतो. नेमका हाच आघात बेताने मिळाला तर पायांची हाडे बळकट होतात, आणि ते सायकलिंगमधून फारसे साधत नाही. (कण्याच्या हाडांसाठी मात्र वजने उचलण्याचा व्यायाम अधिक उपयोगी.) सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर ठेवून, एक मिनिट धावणे व एक मिनिट चालणे असे वीस मिनिटे करावे. उतारावर धावणे तूर्त टाळावे, कारण तेथे मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही अवघड होते. तेवढे दुखणे आपोआप ओसरते. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. धावणे हा सायकलिंगला पूर्ण पर्याय नाही, त्यामुळे पेडल मारण्याची लय टिकवण्यासाठी आठवड्यातून एक-दोनदा सायकल चालवत राहणे आवश्यक आहे.