तुझ्या आत्मचित्राबद्दल

प्रिय,

तुझं आत्मचित्र निवांत पाहिलं. हात चांगला बसलाय, गळ्याजवळचा छायाप्रकाश तर सुरेखच. पण वितळणारं घड्याळ, तळहातातला डोळा, डोक्यातून उडणारी फुलपाखरं, यांत तुझं काय आहे? घड्याळ तर सरळ साल्वादोर दाली या चित्रकाराच्या १९३१ च्या चित्रातून आलंय. ही तिन्ही झाकून पाहिली तेव्हा उरलेला चेहरा मला जास्त आवडला.

आता मेक्सिकन चित्रकर्ती फ्रीदा कालोचं ‘दोन फ्रीदा’ समोर घे, तेही आत्मचित्रच. १९३९ सालचं हे चित्र मेक्सिको सिटीच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. लांबी-रुंदी जवळपास पावणेसहा फूट. अर्थ लावायची घाई करू नकोस, आधी दिसतं तेवढंच वहीत उतरव. एकीच्या अंगावर युरोपीय धाटणीचा पांढरा झगा, दुसरीच्या अंगावर मेक्सिकोतल्या तेवाना बायकांचा पोशाख. हातात हात. दोघींची हृदयं उघडी आणि दोन्ही हृदयांना जोडणारी एकच रक्तवाहिनी. तिचं एक टोक तेवाना फ्रीदाच्या हातातल्या इवल्याशा तसबिरीपाशी आहे. तसबिरीत लहानपणचा दिएगो रिवेरा, तिचा चित्रकार नवरा. दुसरं टोक कापलेलं. पांढऱ्या झग्यातली फ्रीदा ते शस्त्रक्रियेच्या चिमट्याने दाबून धरते, तरी रक्त मांडीवर ठिबकतंच.

त्याच वर्षी तिचा दिएगोशी घटस्फोट झाला, हे यानंतर वाच. आधी वाचलंस तर सगळं चित्र घटस्फोटातच संपेल आणि चिमट्याकडे लक्षही जाणार नाही. १९२५ च्या बस अपघातानंतर तिचं आयुष्य दुखण्यांत आणि शस्त्रक्रियांत गेलं. असले चिमटे तिने जवळून पाहिलेले असणार, असं मला वाटतं. अतिवास्तववादाचे, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन कलेत आणणाऱ्या चळवळीचे, प्रवर्तक आंद्रे ब्रेतों यांनी तिला अतिवास्तववादी म्हटलं, तिला ते बिरुद पटलं नव्हतं. तरी १९४० च्या मेक्सिको सिटीतल्या अतिवास्तववादी प्रदर्शनात हे चित्र लागलं होतं.

अतिवास्तववादी चित्रकर्ती लिओनोरा कॅरिंग्टनचं १९३७-३८ चं आत्मचित्रही पाहा. खोलीत तिच्यासमोर तरस उभा आहे. तरस म्हणजे अमुक, घोडा म्हणजे तमुक, असा स्वप्नांचा कोश उघडून बसू नकोस. तिने तरसाकडे हात पुढे केलाय, आणि तरसाचा पुढचा पायही तसाच उचललेला आहे. भिंतीवर लाकडी पांढरा घोडा, खिडकीबाहेर खराखुरा पांढरा घोडा दौडतोय. कोण कोणासारखं आहे, इथून वाचायला लाग.

तुझ्या चित्रासाठी घरातली एकच वस्तू निवड, रोज हाताळली जाणारी. ती भलत्या जागी ठेव, पण समोर ठेवून काढ. गंज, पोचे, झिजलेली कड, सगळं. चेहऱ्यावर प्रकाश डावीकडून येत असेल तर तिच्यावरही डावीकडूनच येऊ दे, सावली तशीच पडू दे. तिथे चूक झाली की ती वस्तू वरून चिकटवल्यासारखी दिसते. हीच वस्तू का निवडली, हे सुरुवातीला सांगता आलं नाही तरी काळजी करू नकोस. चित्र झालं की घरातल्या कोणाला तरी काही न सांगता दाखव आणि ‘काय दिसतं?’ एवढंच विचार. त्यांचं बोलणं लिहून ठेव, मध्येच खुलासा करू नकोस.

नवं रेखाटन आधी चारकोलमध्येच पाठव, रंगाला नंतर हात लाव. आणि पुन्हा काढताना गळ्याजवळचा भाग बिघडू देऊ नकोस.

सप्रेम,
तुझे सर