आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही आणि गच्चीवरच्या टाकीची पातळी मोबाईलवर हवी आहे. कोणतं वायरलेस घ्यावं?

दोन्ही कामं एकाच तंत्रज्ञानाने होणार नाहीत. तुम्ही लिहिलंय की दादरला सात मजली आरसीसी इमारत आहे, तुम्ही तिसऱ्यावर, राउटर दाराशी, आतल्या खोलीत व्हिडिओ अडकतो. आणि पालिकेचं पाणी ठरावीक वेळच येतं, म्हणून टाकी किती भरली ते घरात बसून कळायला हवं. वेग, पल्ला आणि बॅटरीची बचत या तिन्ही गोष्टी एकदम देणारं वायरलेस अजून कोणी बनवलेलं नाही. त्यात मुंबईत चौथी भानगड असते, ती शेजाऱ्यांची.

आधी खोलीचं बघू. राउटर सहसा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा सिग्नल भिंतीतून बऱ्यापैकी जातो, ५ चा वेग जास्त पण भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. साहजिकच अख्खी बिल्डिंग २.४ वर गर्दी करते. तिथे चॅनेल (पट्ट्यातल्या बोलण्याच्या गल्ल्या) म्हणायला १३, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. रात्री नऊच्या सुमाराला फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर (आसपासची वायफाय कोणत्या चॅनेलवर आहेत ते दाखवणारं अ‍ॅप) उघडा, या तिघांवर नुसती रांग दिसेल. कुणीतरी हुशार ३ नंबर मोकळा बघून तिथे जातो आणि १ व ६ या दोघांनाही त्रास देतो, स्वतःलाही करून घेतो. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलचा फक्त गोंगाट होतो. म्हणून तिघांपैकी एकच निवडा आणि चॅनेलची रुंदी ४० नाही, २० मेगाहर्ट्झ ठेवा.

पण खरा उपाय म्हणजे आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं इंटरनेट वायफायने देणारा डबा) लावणं, आणि तो ५ वर चालवणं. तुमचा सिग्नल अडवणारी भिंत मग शेजाऱ्यांचाही अडवते. स्वस्तातला रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) टाळा: एकाच रेडिओवर तो प्रत्येक गोष्ट ऐकून पुन्हा बोलतो, वेग निम्म्यावर येतो. आणि राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर आजच हलवा.

आता टाकी. मधले स्लॅब पार करून वायफाय वर जाईल ही आशा सोडा. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलत गर्दीतून वाट काढतं खरं, पण ते कानातल्या हेडफोनसाठी, गच्चीसाठी नाही. सिम घातलेलं यंत्र चालेल, पण रिचार्ज दरवेळी कोण करणार यावर सोसायटीत मीटिंग होईल.

टाकीला पाठवायचा असतो एक आकडा, तोही दहा-पंधरा मिनिटांनी एकदा. याला लोरा (थोडीशी माहिती कमी बॅटरीत लांबवर पाठवणारं वायरलेस) अगदी चपखल. वेग इतका कमी की फोटोही धड जाणार नाही, पण त्या मोबदल्यात पल्ला मिळतो आणि बॅटरी महिनोन्‌महिने टिकते. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी विनापरवाना आहे (गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही याच पट्ट्यात चालतो). ऑनलाइन घेताना लोराचं मॉड्यूल (रेडिओची छोटी पट्टी) त्याच पट्ट्याचं आहे ना, ते बघा. अमेरिकेसाठीचं ९१५ वालं नको. अँटेना जोडल्याशिवाय मॉड्यूल चालू करू नका, जळू शकतं. सेन्सर टाकीच्या झाकणाला खालून, अँटेना मात्र बाहेर, कारण पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. रिसीव्हर तुमच्या खिडकीत ठेवा, तो घरच्या वायफायवरून आकडा मोबाईलवर टाकेल.

तिसऱ्या मजल्यावर सिग्नल लंगडा आला तर रिसीव्हर सातव्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी घरी ठेवायला द्या. टाकीचा आकडा त्यांनाही हवाच असेल. डक्टमधून साधी वायर खाली आणता येत असेल, तर मात्र हे सगळं राहू द्या आणि वायरच टाका.