रॅम निर्दोष, मदरबोर्डही निर्दोष; मग बंद पडणाऱ्या संगणकाची जबाबदारी कोणाची?

दारव्हा तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आहे. ते गावात लग्नसमारंभाचे व्हिडिओ करून देण्याचा व्यवसाय करतात. गेल्या दिवाळीत त्यांनी नागपूरच्या एका दुकानातून एक लाख अठरा हजार रुपयांचा संगणक जुळवून घेतला. त्यात एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसर असून सोळा-सोळा जीबीच्या चार डीडीआर ५ रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती साठवणाऱ्या पट्ट्या) आहेत. त्यांपैकी दोन एका खोक्यातल्या असून पक्क्या बिलात आहेत, तर उरलेल्या दोन ऐन वेळी दुसऱ्या खोक्यातून काढून घातल्या आणि त्यांची नोंद दुकानाचा शिक्का मारलेल्या साध्या चिठ्ठीवर आहे. मोठा व्हिडिओ तयार करायला लावला की वीस मिनिटांत निळा पडदा येतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. पाचव्याच दिवशी व्हॉट्सॲपवर तक्रार केली, तेव्हा दुकानदाराने फोनवर सांगितले, ‘‘सगळे पार्ट ओके आहेत भाऊ, तुमच्याकडची लाईनच खराब आहे. वॉरंटी ज्या त्या कंपनीची, त्यांच्याकडे जा.’’ बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘सर्व वाद नागपूर न्यायकक्षेत’ असे छापलेले आहे. दाद मागता येईल का आणि त्यासाठी नागपूरला खेपा घालाव्या लागतील का, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे : ‘कोणत्याही दोन रॅम ठेवल्या तर संगणक दिवसभर नीट चालतो.’ माझ्या मते आपले सारे प्रकरण या एका वाक्यावर उभे राहते. घर तेच, मीटर तोच आणि लाईनही तीच असताना दोन रॅमवर संगणक चालतो व चार रॅमवर पडतो, तर दोष विजेचा आहे हे म्हणणे टिकत नाही. शिवाय कोणतीही जोडी घातली तरी तो चालतो, त्यामुळे एकही रॅम बिघडलेली नाही, हे दुकानदाराचे म्हणणेही खरे ठरते. मात्र त्या खरेपणाने तो सुटत नाही. आपण त्याच्याकडून केवळ सुटे भाग घेतलेले नाहीत, तर ‘असेंब्ली व टेस्टिंग’ या नावाने बिलात पंधराशे रुपये मोजून ते भाग एकमेकांशी जुळवून देण्याची सेवा घेतली आहे आणि उणीव नेमकी त्या सेवेत आहे.

तांत्रिक बाजू थोडी समजून घ्यावी, कारण जिल्हा ग्राहक आयोगापुढे हीच बाजू सोप्या भाषेत मांडावी लागेल. रॅमच्या खोक्यावर छापलेला ६००० चा वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रणालीत, एक्स्पो नावाची सोय चालू केल्यावरच तो मिळतो. आपल्या मालिकेतील प्रोसेसरसाठी उत्पादकाने स्वतः जाहीर केलेली मर्यादा दोन रॅम असतील तर ५२०० आणि चार असतील तर ३६०० इतकी आहे. शिवाय एका खोक्यातल्या रॅम एकत्र तपासलेल्या असतात, दोन वेगळ्या खोक्यांतल्या चार रॅम एकत्र चालतील अशी हमी रॅम बनवणारी कंपनी देत नाही. म्हणून आधी प्रामाणिकपणे एक चाचणी करावी. एक्स्पो बंद करून चारही रॅमवर तोच व्हिडिओ तयार करून पाहावा. संगणक तसा स्थिर चालला, तर आपली तक्रार ‘संगणक चालत नाही’ अशी न राहता ‘बिलात लिहिलेल्या वेगाने चालत नाही’ अशी होईल. ती दुबळी नाही, पण वेगळी आहे आणि चुकीच्या शब्दांत दाखल केलेली तक्रार पुढे सावरताना फार त्रास होतो.

या चाचण्यांचे एकसलग चित्रण करावे. तो तर आपला धंदाच आहे, तेव्हा सांगण्याची गरज नसावी, पण चौकटीत भिंतीवरचे घड्याळ आणि स्टॅबिलायझरवरील व्होल्टेजचा आकडा सतत दिसला पाहिजे. चार रॅमवर संगणक पडताना दाखवावा, मग तो बंद करून दोन रॅम काढाव्यात, उरलेल्या दोन प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात आणि तेच काम पुन्हा लावावे. चारही रॅमचे अनुक्रमांक जवळून टिपावेत. रॅम काढल्याने वॉरंटी जाते असे दुकानदार म्हणेल, परंतु ती कशी बसवावी व काढावी हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतच ग्राहकासाठी दिलेले असते. बायोस अद्ययावत करण्याच्या फंदात मात्र स्वतः पडू नये. ते चालू असताना लाईन गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, आणि मग दुकानदाराने दिलेले कारण आपणच खरे करून दाखवल्यासारखे होईल.

आता कायद्याकडे येतो. आपण व्यवसाय करता म्हणून ग्राहक ठरत नाही, हा बचाव समोरून नक्की येईल. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नसतो हे खरे, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाने व्यापारी हेतूतून वगळली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, यंत्र स्वतः चालवणाऱ्याने एकदोन मदतनीस घेतले तरी तो ग्राहकच राहतो. लगीनसराईत आपला भाऊ मदतीला बसतो, याने त्यामुळे काही बिघडत नाही. मात्र ‘हा संगणक मी स्वतः चालवतो आणि यावरच माझे घर चालते’ हे वाक्य तक्रारअर्जात आणि शपथपत्रात स्पष्टपणे असलेच पाहिजे. ते नसल्यामुळे चांगल्या तक्रारी अडकतात.

दुसरा आधार मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ चा आहे. वस्तू कशासाठी हवी हे ग्राहकाने सांगितले असेल, त्याने विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल आणि तो माल पुरवणे हा विक्रेत्याचा नेहमीचा व्यवसाय असेल, तर माल त्या कामाच्या योग्यतेचा असलाच पाहिजे, अशी अट सौद्यात गृहीत धरली जाते. ‘४के लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे आहेत, ६४ जीबी पाहिजे’ हा आपला संदेश आणि त्यावर ‘टाका पैसे, मस्त सेट करून देतो’ हे दुकानदाराचे उत्तर ही अट सिद्ध करण्यास पुरेसे आहे. याच कलमाला एक अपवादही आहे. विशिष्ट छापाची वस्तू ग्राहकाने नाव घेऊन मागितली असेल, तर ही अट लागू होत नाही. म्हणून जुने संदेश नीट चाळून पाहावेत. रॅमची कंपनी आपण सुचवलेली असेल, तर ते मला आधी कळायला हवे.

छापील ओळींना फारसे घाबरू नये. सदोष माल बिलात ठरवलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे, ही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीदेखील त्याच कलमात येते, त्यामुळे ती साधी चिठ्ठी आपल्या विरोधात नसून दुकानदाराच्या विरोधात आहे. तिच्यासोबत त्या दिवशीच्या यूपीआय व्यवहाराची नोंद जोडावी. नागपूरला जाण्याचीही गरज नाही. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा उपजीविकेचे काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी यवतमाळ. कायद्याने दिलेला हा हक्क बिलावरील एका ओळीने हिरावला जात नाही. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. प्रयोगशाळेत तपासणी करण्याचा आदेश आयोग कलम ३८ खाली देऊ शकतो आणि त्याचा खर्चही आपल्याला आधी भरावा लागू शकतो. त्यामुळे एखाद्या स्वतंत्र तंत्रज्ञाचा लेखी अहवाल शपथपत्रासह आताच घेऊन ठेवावा.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी आणि दुकानदाराला स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवावी. नोटिशीची सक्ती नाही, पण बहुतेक दुकानदार या टप्प्यावर बोलायला तयार होतात. नोटिशीत सगळे पैसे परत मागू नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चारही रॅम परत घेऊन एकाच खोक्यातील ३२ जीबीच्या दोन रॅम, मदरबोर्ड कंपनीच्या तपासलेल्या यादीतील, बसवून द्याव्यात आणि किमतीतील फरक दुकानदाराने सोसावा, इतकीच मागणी करावी. आपला त्रास त्याने खरोखर मिटतो आणि नाकारणाऱ्याचा हेकटपणा आयोगाला दिसतो. हातच्या गेलेल्या दोन लग्नांच्या कामांची भरपाई मागताना आगाऊ रकमेच्या पावत्या व परत केलेल्या पैशांची नोंद जोडावी. पुराव्याशिवाय लाखाचा आकडा लिहिल्यास बाकीच्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

तोपर्यंत संगणक बंद ठेवून नुकसान वाढू देऊ नये, कारण टाळता येण्याजोगे नुकसान कायदा भरून देत नाही. दोन रॅमवर काम चालू ठेवावे, ‘तक्रारीचा हक्क राखून तात्पुरता वापर करीत आहे’ असा संदेश दुकानदाराला पाठवावा आणि काढलेल्या दोन रॅम, अनुक्रमांकाची चिकटपट्टी न खरडता, त्यांच्या मूळ वेष्टनात चिठ्ठीसोबत ठेवाव्यात.