वाचकांचे प्रश्न: फाइल मोकळी होईना

प्रश्न: आयबीएम आय सिस्टीमवरचा आमचा रात्रीचा सीएल (कमांडच्या भाषेतला) प्रोग्राम सीएलआरपीएफएम या फाइलचा मेंबर, म्हणजे डेटा ठेवणारा भाग, रिकामा करणाऱ्या कमांडवर अडकतो आणि सीपीएफ३१३० (मेंबर वापरात आहे) हा संदेश देऊन थांबतो. फाइल तर कोणीच वापरत नसतं! वाट पाहून पुन्हा प्रयत्न करायला लावता येईल का?

उत्तर: येईल. पण आधी लॉक (कोणत्या जॉबने ताबा धरलाय ते) दाखवणारी डब्ल्यूआरकेओबीजेएलसीके कमांड चालवून एफ६ दाबा आणि मेंबरवरचे लॉक पाहा. नुसते फाइलवरचे लॉक पाहिले तर फसगत होते.

मेंबर रिकामा करायला पूर्ण ताबा लागतो, नुसत्या वाचणाऱ्याचाही लॉक आड येतो. म्हणून सीएलआरपीएफएमच्या आधी एएलसीओबीजे या ताबा मागणाऱ्या कमांडने मेंबरवर *ईएक्ससीएल (पूर्ण ताब्याचा) लॉक मागा आणि डब्ल्यूएआयटी(६०), म्हणजे ६० सेकंद थांबायला, द्या. लगेच खाली सीपीएफ१००२ आणि सीपीएफ१०८५ (ताबा मिळाला नाही) या संदेशांसाठी एमओएनएमएसजी, म्हणजे चूक पकडणारी कमांड, लावा. तिथे काउंटर वाढवून परत वर जा. फेऱ्यांना मर्यादा हवीच, नाहीतर जॉब सकाळपर्यंत फिरत राहील.

‘कोणीच वापरत नसतं’ तेव्हा दोषी बहुधा एसक्यूएल असतं. कर्सर (एसक्यूएलने ओळी वाचायला उघडलेली वाट) बंद केला तरी सिस्टीम तो पुढच्या वापरासाठी अर्धवट उघडा ठेवते. एएलसीओबीजेला सीओएनएफएलआयसीटी(*आरक्यूएसआरएलएस), म्हणजे आड येणाऱ्याला लॉक सोडायला सांगणं, जोडलं की असे कर्सर खरोखर बंद होतात. चालू वापरातला लॉक मात्र यानं सुटत नाही.

तुमच्याच जॉबमध्ये फाइल उघडी असेल, तर एएलसीओबीजे बिनतक्रार यशस्वी होतो आणि सीएलआरपीएफएम तरीही पडतो. आरसीव्हीएफने (सीएलच्या फाइल वाचणाऱ्या कमांडने) वाचत असाल तर आधी सीएलओएसई (फाइल बंद करणारी कमांड) द्या.

जितके एएलसीओबीजे यशस्वी, तितके डीएलसीओबीजे (ताबा सोडणारी कमांड) हवेत. चुकीच्या वाटेनं बाहेर पडतानाही.